खुनाचा खटला कादंबरीत उभा करायचा तर

खुनाच्या खटल्यावर कादंबरी लिहायला बसणारे बहुतेक जण आधी ठरवतात, खून कोणी केला. माझं सांगणं असं की त्याच्याही आधी दुसरी गोष्ट ठरवा: त्या खुनाबद्दल काय नोंदीवर येणार आणि काय कायमचं बाहेर राहणार. सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश त्याचं वाक्य करून सांगायचे, मी ते टाइप करायचे. बोललेलं आणि उतरलेलं यांत अंतर पडताना मी रोज पाहिलं. निकाल लागतो तो उतरलेल्यावर. तुमच्या वाचकाला खुनी पहिल्या पानावर कळला तरी बिघडत नाही. हे कोर्टापुढे शाबीत व्हायचं कसं, ही काळजी एकदा त्याला लागली की त्याला पुस्तक खाली ठेववत नाही.

ओळखीतली लिहिणारी मुलं-मुली आता हस्तलिखितं माझ्याकडे आणून देतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी साल नक्की करा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. खून त्याआधीचा असेल तर आरोप भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खाली, नंतरचा असेल तर न्याय संहितेच्या कलम १०३ खाली. जून २०२४ मधला खून आणि आरोपीवर कलम १०३, असं लिहिलंत तर वकील वाचक तिथेच पुस्तक मिटतो. कोर्टाच्या आवारात मात्र ‘तीनशे दोनचा आरोपी’ हेच तोंडात बसलेलं आहे, तेव्हा संवादात ते खुशाल राहू द्या.

साल बदललं की कथानकही बदलतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं असतं. पंचांनी कोऱ्या कागदावर सह्या केल्या, ही जुनी युक्ती आजच्या काळातल्या कादंबरीत तशीच खपणार नाही. आता प्रश्न येतो तो मोबाइलवरचं चित्रण मधेच कुठे तुटतं आणि त्या तुटलेल्या वेळात काय झालं, हा. लिहिणाऱ्याला ही पर्वणीच आहे.

ज्यूरी, म्हणजे दोषी की निर्दोष याचा कौल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, हवीच असेल तर काळ मागे न्या. १९५९ मध्ये मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच राहिली नाही. आजच्या कादंबरीत पटवायचं असतं ते एकाच माणसाला, आणि तो बहुतेक वेळ मान खाली घालून टिपणं काढत असतो. वकील त्याच्या पेनाकडे बघून ओळखतात, कुठला मुद्दा लागला आणि कुठला वाया गेला.

दोषारोपपत्र तुम्हीच तयार करा

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी खटल्याची फाइल तयार करा, अगदी खरीखुरी. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, इन्क्वेस्ट (म्हणजे मृतदेहाचा) पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, अटक पंचनामा, निवेदन पंचनामा, जप्ती, साक्षीदारांचे जबाब, सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल), फोनचा सीडीआर (कॉलची नोंद). प्रत्येकाचं एकेक पान पुरे, पण त्यावर तारीख, वेळ आणि सह्या हव्यात. वेळा लिहायला लागलात की भेगा आपोआप दिसू लागतात. फिर्याद रात्री अकराला नोंदवली आहे, घटनास्थळाच्या पंचनाम्यावर साडेदहाची वेळ आहे, आणि तरी त्या पंचनाम्याच्या डोक्यावर गुन्हा नोंदणी क्रमांक लिहिलेला आहे. नोंद व्हायच्या आधी क्रमांक आला कुठून? एवढा एक आकडा तपास अधिकाऱ्याला घाम फोडायला पुरतो.

पुढच्या सगळ्यासाठी एक उदाहरण धरू. व्याजाने पैसे देणारा एक म्हातारा पहाटे आपल्या घरात मारला गेला आहे. आरोपी त्याचा कर्जदार. सरकार पक्षाचे महत्त्वाचे साक्षीदार तीन: आरोपीला दारातून बाहेर पडताना पाहणारा दूधवाला, कोयता जप्त केला त्यावेळचा पंच, आणि फिर्याद देणारी मयताची सून. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो हे विसरू नका. सून फिर्यादी असली तरी कोर्टात ती साक्षीदारच. तिचा स्वतःचा वकील असला तरी तो सरकारी वकिलाला मदत करतो, खटला चालवत नाही.

फाइलमध्ये सगळ्यात जास्त मेहनत निवेदन पंचनाम्यावर घ्या. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. पण कोठडीतला आरोपी पंचांसमोर ‘कोयता लपवलेली जागा दाखवतो’ म्हणाला आणि त्याने नेऊन कोयता काढून दिला, तर त्या बोलण्यातला वस्तू सापडण्यापुरता भाग चालतो. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २७ होतं, नव्यात कलम २३ मध्ये आलं आहे. ‘ज्या कोयत्याने मी म्हाताऱ्याला मारलं’ हे शब्द त्याच वाक्यात असले तरी ते बाजूला काढावे लागतात. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोटय्या प्रकरणात स्वातंत्र्याआधी आखलेली ही रेघ आजही तशीच आहे. म्हणजे एका वाक्याचा अर्धा भाग न्यायाधीशांनी विचारात घ्यायचा आणि उरलेला अर्धा वाचूनही नसल्यासारखा धरायचा. अशी जागा हातात असताना लेखकाने मारामारीचे प्रसंग कशाला शोधावेत?

मग पंच उभा करा. त्याची सही त्याच ठाण्याच्या आणखी किती पंचनाम्यांवर आहे? कोयता झुडपात पुरलेला होता की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा पडला होता? सील जागेवर केलं की ठाण्यात आल्यावर? लेबलवर पंचाची सही आहे का? मुद्देमाल कारकुनाकडे तो किती दिवस पडून होता? आणि कोयत्यावरचं रक्त मानवी आहे पण गट ठरवता आला नाही, असा सीए रिपोर्ट आला की दोन्ही बाजूंचे वकील तो आपल्याच कामाचा समजतात.

उलटतपास कागदावर कसा उतरतो

सरतपास (साक्षीदार आणणाऱ्या बाजूचे प्रश्न), उलटतपास (विरुद्ध बाजूचे), फेरतपास (पुन्हा पहिल्या बाजूचे) हा क्रम बहुतेकांना माहीत असतो. पण सत्र न्यायालयात साक्ष साधारणपणे प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहीत नाहीत. सलग निवेदन लिहितात, साक्षीदाराच्या तोंडचं म्हणून, प्रथमपुरुषी. न्यायाधीशांना गरज वाटली तरच प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं घेतात. एरवी प्रश्न हवेत विरतो आणि उत्तर उरतं. आपल्या दूधवाल्याचाच उलटतपास पाहा.

‘रस्त्यावर दिवा होता?’

‘होता ना साहेब.’

‘चालू होता?’

‘चालूच होता.’

‘हे पोलिसांना सांगितलंत?’

‘सांगितलं की. आता त्यांनी लिवलं नसंल तर मी काय करू?’

कोर्टात एवढं घडलं. कागदावर आलं ते असं: “रस्त्यावरील दिवा चालू होता असे मी पोलिसांना जबाब देतेवेळी सांगितले होते. सदर बाब माझ्या जबाबात का नमूद नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.”

वैताग गेला, ‘मी काय करू’ मधली हतबलता गेली. उरलं ते वकिलांच्या भाषेत एक ओमिशन, म्हणजे कोर्टात सांगितलेली पण पोलिसांच्या जबाबात नसलेली गोष्ट. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, कायद्यानेच ती घ्यायची नसते, आणि तो जबाब कोर्टात वापरायचा तो मुख्यतः साक्षीदाराला खोडण्यासाठी. पुढे कधीतरी तपास अधिकारी पिंजऱ्यात येतो. त्याला विचारतात, दिव्याचं या साक्षीदाराने तुम्हाला सांगितलं होतं का? तो जबाब चाळतो आणि ‘नाही’ म्हणतो. त्या क्षणी ओमिशन शाबीत झालं. दूधवाला तोवर आपल्या कामाला लागलेला असतो, आपल्या एका वाक्याचं काय झालं ते त्याला कधी कळतही नाही. कादंबरीत हे दोन प्रसंग एकमेकांपासून लांब ठेवा. मधे दोन-तीन प्रकरणं जाऊ द्या. वाचक दिवा विसरलेला असला पाहिजे.

दुसरी गोष्ट मला लेखकांना पुन्हापुन्हा सांगावीशी वाटते. उलटतपासाच्या शेवटी बचावाचा वकील आपली बाजू साक्षीदारापुढे ठेवतो, साक्षीदार ती नाकारतो, आणि ते नकार एकाखाली एक टाइप होत जातात:

“हे म्हणणे खरे नाही की, त्या वेळी रस्त्यावर अंधार होता. हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीस पाहिले नाही. हे म्हणणे खरे नाही की, मयताच्या सुनेच्या सांगण्यावरून मी खोटी साक्ष देत आहे.”

शेवटच्या ओळीत सून आली. बचावाच्या मनात काय आहे ते इथे पहिल्यांदा उघड झालं, तेही नकाराच्या आडून. मागच्या बाकावर बसलेल्या सुनेला ते ऐकू येऊ द्या. तिने काही बोलायची गरज नाही. (फिर्यादीची स्वतःची साक्ष झालेली असली तर ती मागे बसलेली चालते. साक्ष व्हायची असली तर तिला बाहेर थांबवतात, तेवढा क्रम नीट लावा.)

चांगला वकील कुठे थांबतो तेही दाखवा. समजा, अंधार होता हे दूधवाल्याने कबूल केलंच असतं, तर तिथेच खाली बसायचं असतं. नवखा वकील न राहवून विचारतो, ‘मग ओळखलंत कसं?’ आणि उत्तर येतं, ‘लंगडतो ना तो डाव्या पायानं.’ ते उत्तर आता पुसता येत नाही, मी टाइप केलेलं असतं.

साक्षीदार कसा वागला हे न्यायाधीशांना नोंदवता येतं. ‘साक्षीदार उत्तर देण्यापूर्वी बराच वेळ गप्प राहिला’ अशी ओळ ते क्वचितच सांगत, पण सांगितली की दोन्ही वकील माना वर करून बघत. कादंबरीत ही ओळ एकदाच वापरा, योग्य माणसासाठी राखून ठेवा.

फितूर साक्षीदाराला खलनायक करू नका

फितूर होणारा साक्षीदार म्हटलं की लेखक नोटांचं पुडकं दाखवतात. पैसा असतोच, पण तेवढंच नसतं. साक्षीचं समन्स यायला वर्षं लागतात. तोवर पंच आरोपीच्या भावाच्या शेताशेजारी शेत कसत असतो, मुलीचं लग्न त्याच गावात करायचं असतं. मग तो पिंजऱ्यात येऊन सांगतो, सही माझी आहे पण मजकूर मला वाचून दाखवला नव्हता. सरकारी वकील त्याला फितूर ठरवून उलट प्रश्न विचारायची परवानगी मागतात, त्याचा जुना जबाब त्याला वाचून दाखवतात, आणि नोंदीवर येतं: “असा जबाब मी पोलिसांना दिला नाही. पोलिसांनी तसे का लिहिले हे मला सांगता येणार नाही.”

हा प्रसंग घाईने उरकू नका. जबाब वाचून दाखवत असताना त्याचा चेहरा वर नसतो, आवाज बसलेला असतो, काही जण साक्ष झाल्यावर सही करायलाही दोनदा पेन मागतात. आणि हेही लक्षात ठेवा की फितूर झाला म्हणून त्याची सगळी साक्ष बाद होत नाही. विश्वास ठेवण्याजोगा भाग कोर्ट उचलू शकतं. कोयता कुठून निघाला हे त्याने नाकारलं, पण त्या दिवशी पोलिसांच्या गाडीतून तिथे गेल्याचं कबूल केलं, एवढ्यावरही निकालाचा एक परिच्छेद उभा राहतो.

आरोपी आणि त्याचा वकील

खटल्यात सगळ्यात कमी बोलणारा माणूस म्हणजे आरोपी. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. सरकार पक्षाचे साक्षीदार संपले की न्यायाधीश त्याला पुराव्यातला एकेक मुद्दा सांगून विचारतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१३, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३५१, आणि वकील अजूनही नुसतं ‘तीनशे तेरा’ म्हणतात. त्याला शपथ नसते. बहुतेक उत्तरं ‘खोटे आहे’ आणि ‘मला माहीत नाही’ अशीच. म्हणून एखाद्याच प्रश्नाला आरोपीने वेगळं उत्तर दिलं तर ते पानभर घुमतं. आपला लंगडा कर्जदार सगळ्याला ‘खोटे आहे’ म्हणत आला आणि ‘त्या पहाटे तुम्ही मयताच्या घरी गेला होतात याबद्दल काय म्हणायचे आहे?’ याला त्याने उत्तर दिलं, ‘गेलो होतो. दार उघडंच होतं.’ इथे प्रकरण थांबवा.

आरोपी वकिलाला खरं सांगतो का, हा प्रश्न प्रत्येक कादंबरीत येतो. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाला उघड करता येत नाही. खून केल्याचं अशील सांगून बसला तरी सरकार पक्षाने तो निःसंशय शाबीत करावा, असं म्हणायचा वकिलाला अधिकार आहे. पण माहीत असून खोटा साक्षीदार उभा करता येत नाही. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर तुमचा नायक चालला तर त्याला शौर्याच्या दुसऱ्या प्रसंगाची गरज पडणार नाही.

कायद्यात बसणारी कलाटणी

ऐन वेळी दार उघडून नवा साक्षीदार आत येतो, हे होत नाही. दोषारोपपत्राच्या नकला आरोपीला आधीच मिळालेल्या असतात. तरी कलाटणीच्या वाटा कायद्यानेच ठेवल्या आहेत, आणि त्या वापरल्यात तर जाणकार वाचक खूश होतो.

निकालाआधी कुठल्याही टप्प्यावर कोर्ट कुणालाही साक्षीला बोलावू शकतं किंवा तपासलेल्या साक्षीदाराला परत बोलावू शकतं (जुनं ३११, नवं ३४८). दुसरी वाट माफीच्या साक्षीदाराची. खरं सगळं सांगण्याच्या अटीवर एका आरोपीला माफी मिळते, पण तो आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत तुरुंगातच राहतो. ज्यांच्याविरुद्ध बोलणार, कदाचित त्यांच्याच तुरुंगात, हे विसरू नका.

मला सगळ्यात आवडते ती तिसरी, जुनं ३१९, नवं ३५८. पुरावा चालू असताना दुसऱ्याच कुणाचा गुन्ह्यात हात असल्याचं दिसलं, तर कोर्ट त्या व्यक्तीलाही आरोपी म्हणून बोलावू शकतं. म्हणजे सून फिर्यादी म्हणून पिंजऱ्यात उभी होती ती आरोपी होऊन परत येते. तिच्याविरुद्ध कारवाई नव्याने सुरू होते, साक्षीदार पुन्हा तपासावे लागतात. दूधवाल्याला पुन्हा समन्स जातं. त्याला पुन्हा दिव्याबद्दल विचारणार, आणि आता त्याच्या दोन साक्षी एकमेकींशी ताडून पाहिल्या जाणार.

हे खोडून टाका

न्यायाधीशाच्या हातातला हातोडा. ‘ऑर्डर, ऑर्डर’. गीतेवर हात ठेवून शपथ, ही सिनेमातली. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदार ईश्वराला स्मरून शपथ घेतो किंवा प्रतिज्ञेवर सांगतो, धर्मग्रंथ लागत नाही. साक्षीदाराभोवती येरझाऱ्या घालणारा वकील. खऱ्या खुन्याने भर कोर्टात ओरडून दिलेली कबुली. युक्तिवाद संपताच त्याच दुपारी निकाल.

त्याऐवजी आत घ्या: शिपायाचा पुकारा, त्याच दिवशी बोर्डावर असलेले जामिनाचे अर्ज, फाइल घेऊन उभा असलेला पैरवी हवालदार (पोलिसांचं कोर्टातलं काम बघणारा), तपास अधिकारी बंदोबस्ताला गेल्यामुळे पडलेली तारीख, आणि रोजनाम्यावरची, म्हणजे खटल्याच्या तारखेगणिक नोंदीतली, ‘साक्षीदार हजर, न्यायालयास वेळ नाही’ ही ओळ. त्या ओळीपायी बाहेरगावहून आलेला दूधवाला तसाच परत जातो.

निकाल आधी लिहा

कादंबरीचा शेवट सुचत नसेल तर न्यायाधीशाच्या भूमिकेत जाऊन निकालपत्राची दोन-तीन पानं लिहून काढा. पाहणारा साक्षीदार नसेल, खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा सारडा प्रकरणातला निकाल जवळ ठेवा. प्रकरण पुण्यातल्या एका विवाहितेच्या विषाने झालेल्या मृत्यूचं होतं. खालच्या कोर्टाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केली होती, सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. त्यात पाच कसोट्या सांगितल्या आहेत. थोडक्यात, प्रत्येक दुवा पक्का शाबीत झालेला हवा, साखळी कुठे तुटलेली नको, आणि आरोपीच्या दोषाखेरीज दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. तुमच्या फाइलमधल्या भेगा या कसोट्यांना लावून पाहा. दिवा, सील, पंचनाम्याची वेळ, यांतली कुठली भेग साखळी तोडते आणि कुठली किरकोळ म्हणून सोडून देता येते, हे न्यायाधीश म्हणून ठरवा. मगच कादंबरीकार म्हणून पुढे जा.

दोषी ठरवणं आणि शिक्षा सुनावणं हे दोन वेगळे टप्पे आहेत. शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं स्वतंत्रपणे ऐकावं लागतं, आणि तिथे म्हातारी आई, लहान मुलं, वय हे सगळं येतं. खुनाला जन्मठेप हा नियम, फाशी हा अपवाद. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी १९८० च्या बच्चन सिंग निकालातली. सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. म्हणून फाशीच्या वाक्यावर कादंबरी संपवलीत तर गोष्ट अर्धीच राहते.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर खुनाचे खटले सहसा खुल्या न्यायालयात चालतात. फोन बंद करून मागच्या बाकावर बसा, कोणी हटकत नाही. एकाच खटल्याच्या लागोपाठच्या तारखांना जा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सत्र न्यायालयांची निकालपत्रं मिळतात, त्यांत साक्षींची चर्चा असते तो मधला भाग हळू वाचा.

आणि पहिला खर्डा झाला की सगळी कादंबरी कुणाला देऊ नका. फक्त उलटतपासाची प्रकरणं आणि तुम्ही तयार केलेली फाइल सत्र न्यायालयात फौजदारी काम करणाऱ्या एखाद्या वकिलाला द्या. खुनी कोण ते सांगू नका. एवढंच विचारा, या कागदांवर तुम्ही आरोपीला सोडवाल का, आणि कुठल्या निशाणीवर, म्हणजे पुराव्यातल्या कुठल्या क्रमांकाच्या कागदावर, बोट ठेवून?